खाज, जळजळ, गारवा: अंगाला काहीही चोळण्याआधी स्किनमधले आयन चॅनल कसे ओळखायचे

मेडिकलच्या काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "खाजेची एखादी चांगली ट्यूब द्या ना". खाज कुठे, कशाने, कधीपासून, रात्री वाढते का, घरात अजून कोणाला आहे का, यातलं काहीच नाही, आणि चांगली म्हणजे काय तर लावल्या लावल्या गार वाटली पाहिजे. ठाण्यात फार्मसिस्ट म्हणून काम करताना मला एक पक्कं कळलंय की लोक औषध निवडतात ते अंगाला काय वाटतं त्यावरून, आणि हे वाटणं ज्या आयन चॅनलमुळे होतं त्यांच्याबद्दल कोणी काही सांगतच नाही. म्हणून हे लिहायला घेतलं, जरा लांबलंय, पण उपयोगी पडेल.

तर आधी थोडक्यात. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात प्रोटीनची बारीक बारीक दारं असतात, त्यातून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड असे विद्युतभार असलेले कण आत-बाहेर जातात, हेच आयन चॅनल. काही दारं उष्णतेने उघडतात, काही थंडीने, काही दाबाने, काही मिरचीने. ही नुसती नसांच्या टोकांवर नसतात, वरच्या कातडीच्या पेशींवर पण असतात. कातडीच्या खालच्या थरात कॅल्शियम कमी आणि वरच्या थरात जास्त, या फरकावरच पेशींना कळतं की आता पिकायचं, चपटं व्हायचं, वर सरकायचं. साबणाने खरवडून किंवा नखाने ओरबाडून वरचा थर फाटला की हा कॅल्शियमचा फरक पुसला जातो आणि तोच इशारा समजून पेशी डागडुजीचं तेलकट सामान बाहेर टाकतात. म्हणजे कातडी स्वतःहून दुरुस्त होत असते, आपण फक्त मध्ये मध्ये लुडबुड करायची नाही. इथपर्यंत थिअरी, आता कामाचं.

मिरचीचे हात

एप्रिल-मे मध्ये इकडे मसाल्याचा सीझन. तुर्भ्याच्या एपीएमसी मसाला मार्केटमधून बेडगी, लवंगी, संकेश्वरी घ्यायची, गच्चीवर वाळवायची, देठं काढायची आणि कांडपाला न्यायची. ऐरोली, घणसोली, दिवा या पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांमध्ये तर वर्षाचा मसाला एकदम होतो. देठं काढून झाली की संध्याकाळी कोणीतरी काकू काउंटरवर येतातच, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, बोटं फाकवलेली, "ताई, हात नुसते पेटलेत गो, बर्फाच्या पाण्यात ठेवले तरी काढले की परत तेच".

इथे काय झालंय बघा. मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही-१ नावाचं चॅनल उघडतं, आणि हेच चॅनल साधारण ४३ डिग्री सेल्सियसच्या वरच्या उष्णतेने पण उघडतं. मेंदूला दोन्हीतला फरक कळतच नाही, म्हणून काहीही भाजलेलं नसताना हात भाजल्यासारखे होतात. डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबने १९९७ मध्ये हे चॅनल शोधलं आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, सोबत स्पर्शाचं चॅनल शोधणारे आर्डेम पाटापूटियन. दुसरी गोष्ट म्हणजे कॅप्सेसिन लागलेलं असताना हे चॅनल ४३ ची वाट बघत नाही, त्याच्या बऱ्याच खाली उघडायला लागतं, म्हणून त्या रात्री साधं कोमट पाणी हातावर घेतलं तरी चटका बसतो.

मग करायचं काय. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, त्यामुळे नुसत्या पाण्याने हात धुवत बसण्यात अर्थ नाही. आधी खायचं तेल भरपूर घेऊन बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला चोळायचं, कोरड्या फडक्याने किंवा टिश्यूने पुसून काढायचं, मग भांड्याच्या लिक्विडने धुवायचं, आणि गरज वाटली तर हे परत करायचं. शेवटी गार पाणी. गरम पाणी अजिबात नाही. डोळ्यात गेलं असेल तर तिथे तेल-बिल काही नाही, साध्या स्वच्छ पाण्याने भरपूर वेळ धुवायचं, आणि लेन्स लावत असाल तर त्या दिवशी दुसऱ्या कोणाकडून तरी काढून घ्या किंवा पातळ हातमोजे घालून काढा. फोड आले तर डॉक्टर. आणि खरं सांगायचं तर दहा-वीस रुपयांचे हातमोजे आधीच घातले तर हा परिच्छेद वाचायची वेळच येणार नाही, पण काकू म्हणतात हातमोज्यात देठ नीट मोडत नाही, तर काय बोलणार.

याच चॅनलचा उलटा उपयोग पण होतो. कॅप्सेसिन परत परत लावलं की ती नस थकून गप्प होते, म्हणून गुडघेदुखीला किंवा नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या दुखण्याला कॅप्सेसिनची क्रीम देतात. पण लोक ती चुकीची वापरतात, आज लावली, जळलं, उद्या सोडून दिली, परवा परत लावली. तसं केलं तर नुसती जळजळ मिळते, आराम मिळत नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर दिवसातून तीन-चार वेळा, न चुकता, काही आठवडे, आणि फाटलेल्या कातडीवर नाही, लावल्यावर हात धुवायचे, आंघोळीच्या लगेच आधी किंवा नंतर लावायची नाही.

अजून एक. एक्झिमासाठी, म्हणजे इसबासाठी, टॅक्रोलिमस नावाचं मलम देतात, स्टिरॉइड नसलेलं, तोंडावर आणि पापण्यांजवळ त्याचा फार उपयोग होतो. पहिल्या काही दिवसांत ते चांगलंच चुरचुरतं, कारण ते पण नसांवरच्या याच चॅनलला डिवचतं. लोकांना वाटतं रिअ‍ॅक्शन आली आणि ट्यूब कचऱ्यात. बहुतेकांची ही चुरचुर आठवडाभरात ओसरते. आंघोळीनंतर कातडी पूर्ण कोरडी आणि गार होऊ द्यायची, मग पातळ थर लावायचा, काही डॉक्टर ट्यूब थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात, त्याने पण फरक पडतो. आणि हे चालू असताना दारू घेतली तर काहींचं तोंड लालबुंद होतं, पार्टीला जाण्याआधी माहीत असलेलं बरं.

गारवा खरा, पण तेवढ्यापुरता

मे महिन्यात संध्याकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहून आलेल्या माणसाला घामोळ्याची पावडर कशी लागते ते मी समजू शकते. त्यातल्या मेंथॉलने टीआरपीएम-८ हे चॅनल उघडतं, जे एरवी साधारण २६ डिग्रीच्या खाली उघडतं. म्हणजे मेंदूला निरोप जातो की गार झालं, पण अंगाचं तापमान काडीइतकं पण उतरलेलं नसतं. हा गारवा अगदीच खोटा समजू नका हां, थंडीचं चॅनल चालू झालं की खाजेचे निरोप खरोखरच दबतात, म्हणून मेंथॉल घातलेलं कॅलामाइन लोशन चांगलं काम करतं. पण घामोळं म्हणजे घामाच्या नळ्यांची तोंडं बुजलेली असतात आणि मेंथॉलने ती उघडत नाहीत. त्याला घाम कमी करायला लागतो: पंखा, गार पाण्याने आंघोळ, सैल सुती कपडे, घामाने भिजलेलं बनियन घरी आल्या आल्या काढणं. पावडर लावायचीच तर अंग पुसून कोरडं झाल्यावर, पातळ. घामावरच थापली की तिचा लगदा होतो आणि काखेत, मानेच्या घडीत तोच बसून राहतो.

लहान बाळांना मात्र मेंथॉल आणि कापूर दोन्ही नकोत, दोन वर्षांखालच्या मुलांच्या नाकाजवळ किंवा छातीवर बाम चोळू नका. आजी कितीही म्हणाल्या तरी. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला आकडी येऊ शकते.

आता घरगुती प्रकार. मोहरीचा झणका, लसणाचा तिखटपणा, हे टीआरपीए-१ चॅनल उघडतात, हे शरीराचं "काहीतरी त्रासदायक लागलंय" सांगणारं चॅनल आहे. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, कापूर हे कातडीच्या पेशींवरचं टीआरपीव्ही-३ उघडतात, म्हणून ओव्याची पुरचुंडी शेकली की नुसत्या उष्णतेपेक्षा जास्त ऊब वाटते. ओव्याची पुरचुंडी ठीक आहे, फडकं फार गरम नसेल तर. पण गजकर्णावर लसूण वाटून बांधणं, हा प्रकार बंद करा. लसणाने खरोखर भाजतं, केमिकल बर्न होतो, आणि गजकर्ण तिथेच राहतं, वरून काळा डाग. "झोंबलं म्हणजे औषध लागू पडलं" ही जी समजूत आहे ना, तिच्यामुळे जेवढी कातडी जळलेली बघितलीय तेवढी गॅसवर भाजून पण नसेल.

गजकर्णाचा विषय निघालाच आहे तर. क्लोट्रिमॅझोल हे साधं बुरशीचं औषध लावल्यावर काहींना चुरचुरतं, त्याचं कारण पण टीआरपीव्ही-१ आणि टीआरपीए-१, औषध थेट त्या चॅनलना लागतं. मग लोक परत येतात, "ही नको, ती दुसरी द्या, लावली की लगेच थांबते ती". ती दुसरी म्हणजे बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि वरून कडक स्टिरॉइड, सगळं एका ट्यूबमध्ये. स्टिरॉइडने सूज दबते, खाज दोन दिवसात थांबते, बुरशीला मात्र रान मोकळं. महिनाभराने तेच गजकर्ण जांघेतून मांडीवर, पोटावर, गोल कडा पण नीट दिसत नाहीत त्यामुळे डॉक्टरला ओळखायला पण वेळ लागतो, आणि कातडी पातळ होऊन पांढरे चट्टे-रेघा पडतात त्या वेगळ्याच. आपल्याकडच्या दमट हवेत हे घरोघरी चाललंय. चुरचुरणारी साधी ट्यूब बरी, गप्प करणारी नको. लावताना कडेच्या दोन बोटं बाहेरपर्यंत लावायची आणि दिसायचं बंद झालं तरी डॉक्टर सांगतील तोपर्यंत चालू ठेवायची. फारच सोसत नसेल तर डॉक्टर औषध बदलून देतात, बुरशीची औषधं काही एकच नाही.

खाजेची गोळी सगळ्या खाजेला चालत नाही

अंगावर पित्त उठलं, लाल गांधी आल्या, की त्यात मुख्य काम हिस्टामिन या शरीरातल्याच रसायनाचं. हिस्टामिन नसेवर बसतं आणि पुढे टीआरपीव्ही-१ उघडून खाजेचा निरोप वर पाठवतं, तिथे अँटिहिस्टामिनची गोळी छान चालते. एक्झिमाची खाज वेगळी. तिथे सुजलेल्या कातडीतून निघणारी दुसरी रसायनं नसांना पेटवतात, त्यात टीआरपीए-१ पण येतं, आणि हिस्टामिनचा वाटा थोडाच असतो. म्हणून एक्झिमावाला माणूस गोळ्या घेऊन घेऊन फक्त झोपाळू होतो, खाज आहे तिथेच. कोरियात टीआरपीव्ही-१ बंद करणारी एसिव्हाट्रेप नावाची क्रीम एक्झिमासाठी तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेली, म्हणजे ही दिशा नुसती पुस्तकी नाही.

तोपर्यंत आपल्या हातात आंघोळ आहे. कढत पाणी खाजेवर घेतलं की क्षणभर स्वर्गसुख मिळतं, हे मान्य, आणि पाच मिनिटांनी दुप्पट खाज सुटते, हे पण सगळ्यांना माहितीय तरी सगळे करतात. गीझरचं पाणी सरळ घेतलं तर ४३ डिग्रीच्या वर सहज जातं. बादलीत विसण घालून पाणी जेमतेम कोमट ठेवा. साबण रोज सगळ्या अंगाला नको, काख, जांघ, पाय एवढं पुरे, कारण कातडीचा पीएच ५ च्या आसपास असतो आणि वडीच्या साबणाचा ९-१० पर्यंत. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. महागडं लागत नाही, ग्लिसरीन असलेलं बघा. कातडीत अ‍ॅक्वापोरिन-३ नावाची पाण्याची दारं असतात, ती पाण्यासोबत ग्लिसरीन पण आत नेतात. (ही आयन चॅनल नाहीत, त्यांची भावंडं म्हणा, २००३ चं केमिस्ट्रीचं नोबेल पाण्याच्या आणि पोटॅशियमच्या चॅनलना मिळून गेलं होतं.) ज्या उंदरांमध्ये हे दार नव्हतं त्यांची कातडी कोरडी पडली आणि ग्लिसरीन दिल्यावर सुधारली. शुद्ध ग्लिसरीन तसंच थापू नका, चिकट होतं, पाणी मिसळून किंवा क्रीममधलं.

खरूज: इथे चॅनल किड्याचं

रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला, बेंबीभोवती पुरळ, आणि रूममेटला पण खाजतंय, असं असेल तर खरूज समजून डॉक्टरांकडे जा. घणसोली-कोपरखैरण्यात एका रूममध्ये चार-पाच जण राहतात, चादरी-टॉवेल इकडचे तिकडे, तिथे हिला पसरायला वेळ लागत नाही. गंमत अशी की तिची दोन्ही मुख्य औषधं आयन चॅनलवरच चालतात, फक्त आपल्या नाही, किड्याच्या. पर्मेथ्रिन किड्याच्या नसेतलं सोडियम चॅनल बंदच होऊ देत नाही, त्याला लकवा मारतो. आयव्हरमेक्टिन ग्लुटामेटने उघडणारं क्लोराइड चॅनल उघडं ठेवतं, ते चॅनल माणसात नसतंच. आयव्हरमेक्टिनच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं.

औषध इतकं नेमकं असून खरूज परत का येते? कारण लावतात चुकीची. जिथे खाजतं तिथे ठिपके ठिपके नाही लावायची. ५ टक्के पर्मेथ्रिन क्रीम मानेपासून तळपायापर्यंत इंच न् इंच, नखांच्या खाली, बेचक्यात, बेंबीत, जांघेत, कुल्ल्यांच्या फटीत, रात्री झोपताना, ८ ते १४ तास ठेवून सकाळी आंघोळ. रात्री हात धुतले तर हातांना परत लावायची. तान्ह्या बाळांचं आणि गरोदर बाईचं डॉक्टरांना विचारूनच. घरातल्या किंवा रूममधल्या सगळ्यांनी त्याच रात्री, खाज नसली तरी, आणि "मला काही नाहीये" म्हणणारा जो एक जण असतो त्याला आधी धरा. सकाळी अंगावरचे कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवून कडक उन्हात, जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी परत एकदा हेच सगळं. आणि किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, कारण मेलेल्या किड्यांचे अवशेष कातडीत असतात, म्हणून रोज उठून क्रीम लावत बसू नका. घरात मांजर असेल तर तिला लांब ठेवा, पर्मेथ्रिन मांजरांना विषारी आहे. केस वाढवायचं मिनॉक्सिडिल पण.

मिनॉक्सिडिलचं आता आलंच आहे तर: मूळ बीपीचं औषध, पोटॅशियम चॅनल उघडून रक्तवाहिन्या सैल करतं, आणि केसांच्या मुळांवर त्याचा असर लक्षात आला तो साइड इफेक्ट म्हणून. सुरुवातीला काही आठवडे केस जास्त गळतात, तेव्हा सोडू नका, चार महिने तरी द्या. छातीत धडधड किंवा पायाला सूज आली तर मात्र बंद करून डॉक्टर.

बधिर करणारी क्रीम पण चॅनलवाली, लिडोकेन-प्रिलोकेन सोडियम चॅनल बंद करतं, निरोप वर जातच नाही. लेझरच्या आधी छोट्या भागावर, डॉक्टरने सांगितलं तेवढीच, तेवढाच वेळ. दोन्ही पाय पूर्ण माखून वर प्लास्टिक गुंडाळून बसायचं, हे कोणी पार्लरमध्ये सुचवलं तर उठून या. औषध रक्तात उतरलं तर हृदयातले आणि मेंदूतले सोडियम चॅनल पण त्याच जातीचे आहेत, यात जीव गेलेले आहेत.

कधीकधी चॅनलचा जीनच बिघडलेला असतो, हे कमी दिसतं पण ओळखता आलं पाहिजे. तळपाय-तळहात लालबुंद होऊन भट्टीसारखे तापतात आणि माणूस बर्फाच्या पाण्यातून पाय काढायलाच तयार नसतो, याचं एक कारण एनएव्ही-१.७ या सोडियम चॅनलमधली गडबड. तासन् तास पाय बर्फात ठेवून कातडी सडते, जखमा होतात, म्हणून पंखा लावा, पाय उंच ठेवा, आणि डॉक्टर गाठा. तळहात-तळपायाला लहानपणापासून जाड, चिरलेली, दुखणारी कातडी असेल तर ओल्मस्टेड सिंड्रोमचा विचार होतो, त्याचा संबंध टीआरपीव्ही-३ शी २०१२ मध्ये लागला. आणि बाळाचा पापा घेतल्यावर खारट लागतं, वजन वाढत नाही, सारखा खोकला असतो, तर बालरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा. घामाच्या नळीतलं सीएफटीआर हे क्लोराइड चॅनल बिघडलं की मीठ परत शोषलं जात नाही, घामात क्लोराइड ६० मिलिमोल प्रति लिटर किंवा जास्त आलं तर सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसं आणि पचन बिघडवणारा जन्मजात आजार धरतात.

बाकी दोन आठवड्यांत फरक नाही, झोप उडतेय, पू-ताप आहे, डोळ्याजवळ किंवा गुप्तांगावर आहे, अंगभर खाज पण पुरळच नाही (हे लिव्हर, किडनी, थायरॉइडचं पण असू शकतं), तर काउंटरवर वेळ घालवू नका. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि नेरूळच्या डी. वाय. पाटील हॉस्पिटलमध्ये स्किनची ओपीडी असते. जाताना आतापर्यंत जे जे लावलंय त्या सगळ्या ट्यूबा, अगदी पिळून संपलेल्या पण, पिशवीत घालून न्या, आणि त्या दिवशी सकाळी त्या जागी काहीच लावू नका. मलम फासलेल्या कातडीवरून बुरशीच्या तपासणीला खरवड नीट निघत नाही.